बॅगा उद्या येतील

...नाही, तुम्हीच सांगा ना, बॅग सांभाळायला काय लागतं? काही नाही! बॅग कडेवरून उतरायचं म्हणत नाही, बॅग भररस्त्यात आडवी पडून लोळत नाही, बॅगेला ऐन रांगेत शी लागत नाही, आणि वरून बॅगेला चाकं असतात! अख्ख्या जगात एकच गोष्ट अशी, की ओढली की मुकाट मागं येते, आणि आमच्या ह्यांनी तीच नेमकी परक्या माणसांच्या हवाली केली आणि लेकरं ठेवली आमच्याकडं. का? तर म्हणे, हात मोकळे राहतील!

हे, म्हणजे राधेश्याम, जालन्याला बियाण्याच्या कंपनीत आहेत. कंपनीनं तीन आठवडे जपानला ट्रेनिंगला पाठवलं, तर हे म्हणाले तू पण चल, लेकरं पण येऊ दे, असा योग पुन्हा येत नसतो. खरंय, येऊच नये! मोठी राजनंदिनी चार वर्षांची, धाकटा माऊली दीड वर्षाचा. मी टेंभुर्णीच्या शाळेत नववीला विज्ञान शिकवते. हे आत्ताच सांगून ठेवते, कारण पुढं मला याचीच लाज वाटणार आहे.

तर ह्यांनी कुठंतरी व्हिडिओ पाहिला. विमानतळावर उतरायचं, काउंटरवर बॅगा द्यायच्या, त्या आपल्या-आपण हॉटेलात जातात, आणि आपण लेकरांचं बोट धरून हसत-हसत बाहेर. व्हिडिओतली बाई खरंच हसत होती, बाबागाडीतलं लेकरू पण हसत होतं. तुम्हाला सांगते, बारा तासांच्या प्रवासानंतर ज्या बाईचं लेकरू हसतंय, ती बाई एक तर पैसे घेऊन हसते किंवा लेकरू भाड्याचं आहे, हे मला तेव्हाच कळायला पाहिजे होतं! पण मी काय म्हटलं? "चालेल की." माझं हे 'चालेल की' आहे ना, यानंच माझं सगळं वाटोळं केलंय.

आणि निघायच्या आदल्या दिवशी मामांनी बॅगा शिवल्या.

हो, शिवल्या. मामा म्हणजे माझे सासरे, तातेराव. शेतकरी माणूस, जन्मभर पोती शिवून मोंढ्यावर विकायला नेली. ते आले, बॅगांकडं पाह्यलं, चेन इकडून तिकडं ओढून पाह्यली, आणि म्हणाले, "सूनबाई, ही चैन कशासाठी असती?" मी म्हटलं, "उघडायला-लावायला." "हां! उघडायला. जी उघडायसाठीच केली, ती बंद राह्यल व्हय?" आता याला विज्ञानात उत्तर नाही! दोन्ही बॅगांवर त्यांनी सरकी-पेंडीची रिकामी पोती चढवली, धुतलेली, पांढरी, वर हिरव्या अक्षरात पेंडीचं नाव आणि मधोमध ही एवढी गाय, आणि दाभण-सुतळी घेऊन अशी टाचली, की आतलं हलायचं नाव नाही. चाकापुरती आणि मुठीपुरती भोकं ठेवली. हे मुकाट. बाहेर कंपनीत शंभर माणसांपुढं बोलतात, बापापुढं तोंडाला पण सुतळी!

मग पोती गेली राजूरला. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, उषाबाई... त्यांनी दोन्ही पोती गणपतीपुढं ठेवली, नारळ फोडला, आणि मला म्हणाल्या, "आता मुक्कामी पोचेस्तोवर शिवणीला हात लावायचा न्हाई. लेकरं सोबत हायती. आमच्या घरची रीत हाय." मी मनातल्या मनात हसले. नववीची बाई ना मी! मनात हसले, आणि तोंडानं "हो" म्हटलं.

इथपर्यंत पण ठीक होतं हो! पण गाडीत बसल्यावर मी खांद्यावरची पिशवी पाहते तर हलकी. हलकी म्हणजे अशी, की मी ती मांडीवर उलटी करून झटकली. माऊली भरडीशिवाय काही खात नाही. तांदूळ आणि मूगडाळ भाजून भरडलेली, ती शिजवून, कोमट करून. दुसरं काही तोंडाजवळ नेलं की तोंड असं मिटतो, की मामांची शिवण बरी. भोकरदनचे डॉक्टर आधी त्याचं वजन पाहतात आणि मग चष्म्यावरून माझ्याकडं पाहतात. काही बोलत नाहीत, नुसतं पाहतात. त्या पाहण्याच्या धाकानं मी दोन किलो भरडी केली होती, आणि भरडी, वाटी, चमचा, डायपर, झबली, सगळं पिशवीत हाताशी ठेवलं होतं. निरोपाला उभ्या आत्याबाईंना खिडकीतून विचारलं, "आत्याबाई, पिशवीतलं सामान?" तर आत्याबाई कौतुकानं, "वर कशाला वझं? शिवायच्या आदीच बॅगीत टाकलं म्या. खाली, सगळ्यात खाली. बराबर दबून बसलंय. वाटंपुरतं ठिवलंय की वर."

वाटेपुरतं! ते वाटेपुरतं विमानातच संपलं. शेवटची भरडी माऊलीनं खाल्ली, शेवटचं डायपर ओलं केलं, आणि आम्ही ओसाकाला उतरलो.

आता तो काउंटर. अहो काय काउंटर! आमच्या शाळेचं ऑफिस इतकं स्वच्छ कधी निरीक्षक यायच्या दिवशी पण नसतं. काउंटरवर एक पोरगी, हातात पांढरे मोजे, कमरेत वाकून नमस्कार. आणि तिच्यापुढं आमच्या ह्यांनी ती दोन पोती उभी केली... गाय तिच्याकडं तोंड करून! त्या पोरीनं गाईकडं पाह्यलं. आमच्याकडं पाह्यलं. परत गाईकडं. मग तिच्या मोबाईलमध्ये हळूच काहीतरी बोलली, आणि तो मोबाईल आम्हाला हिंदीत, अगदी अदबीनं म्हणाला, "क्षमा कीजिए, क्या भीतर कोई पशु है?"

हे म्हणाले, "नो, नो. ओन्ली क्लोद्स." राजनंदिनी म्हणाली, "मम्मी, खरंच आत गाय आहे?" माऊली जागा झाला. झालं!

मग तो मोबाईल पुढं म्हणाला, सामान उद्या पोहोचेल, आज रात्रीच्या गरजेच्या वस्तू कृपया काढून घ्या. उद्या! मी ह्यांच्याकडं पाह्यलं. "तुम्ही तर म्हणालात आपल्या आधी पोचतात!" हे म्हणाले, "सकाळी उतरलं तर. आपण दुपारी उतरलो." "आणि हे तुम्हाला कधी कळलं?" "आत्ता." आत्ता! ह्या माणसाला सोयाबीनचं कोणतं वाण किती दिवसात येतं ते झोपेत विचारा, सांगतो, पण बॅग कधी येते ते आत्ता!

मी म्हटलं, मग बॅगा देऊच नका, आपण ओढत नेऊ. हे म्हणाले, "अगं, रेल्वे, मग बदलून दुसरी रेल्वे, मग चालायचं, दोन लेकरं... दे ना, हात मोकळे राहतील." तुम्हाला सांगते, त्या क्षणाला माझे हात मोकळे असते ना, तर...

बरं, पोत्यातून भरडी तरी काढू. सुतळीला गाठ सापडेना. हे खाली बसले, नखं लावली, मग... कसं सांगू... दात लावले. इस्त्रीचा शर्ट घातलेला माणूस, गाईच्या पायाला चावतोय! माणसं थांबत नव्हती हो, तीच तर मोठी शिक्षा. सगळे इतके सभ्य, की कुणी पाहतसुद्धा नव्हतं. आणि त्या मोजेवाल्या पोरीनं, न विचारता, दोन्ही हातांवर ठेवून, प्रसाद दिल्यासारखी, कात्री पुढं केली.

संपला ना प्रश्न? कात्री आली, सुतळी कापा, भरडी काढा, चला! पण ह्यांनी कात्री घेतली, सुतळीत घातली, आणि कुणीतरी जोरात ओरडलं, "नको!"

मी ओरडले. मी! धूमकेतू दिसला की संकट येत नाही हे फळ्यावर लिहून देणारी मी! हे म्हणाले, "काय झालं?" मी म्हटलं, "अजून मुक्कामी कुठं पोचलो?" ह्यांनी कात्री खाली घेतली. म्हणाले, "तू यावर विश्वास ठेवतेस?" "नाही ठेवत!" "मग कापू?" "नको!" ...आता यात काय समजावून सांगू? माझ्यावर काही यायचं असतं तर मी स्वतः कापली असती, कचाकचा. पण दीड वर्षाचं लेकरू कडेवर, परका मुलूख, वजन आधीच कमी... उद्या त्याला साधी शिंक आली तरी मला ती सुतळीच दिसली असती. विश्वास नाही माझा. पण धाडस पण नाही! पोरीनं कात्री परत घेतली, वाकली, गाई आत गेल्या. आमच्या डोळ्यादेखत माझी दोन किलो भरडी गादी लावलेल्या ढकलगाडीवर बसून ऐटीत निघून गेली.

आणि आमचे हात मोकळे! एका हातात माऊली, दुसऱ्या हातात राजनंदिनीचे बूट, कारण तिला ते चावत होते. ह्यांच्या खांद्यावर झोपलेली राजनंदिनी, दातात तिकीट. रेल्वेत माऊली जो सुरू झाला, तो थांबेचना. त्या डब्यात कुणी कुजबुजत पण नव्हतं हो, आणि आमचा एकटा माऊली, टेंभुर्णीच्या बाजारात शोभेल असा आवाज!

हॉटेलजवळच्या दुकानात डायपर मिळाले, वर लेकराचं चित्र होतं. खायचं मात्र... आम्ही माळकरी. हे एकेका पाकिटावर मोबाईल धरायचे आणि वाचायचे. "मासा." ठेवलं. "माशाचा अर्क." ठेवलं. "यात नाहीये... थांब... वाळलेला मासा." पांढऱ्या भाताचं एक पाकीट तेवढं निघालं. खोलीत आणलं, गरम पाण्यात बोटांनी कुस्करलं, मीठ नाही, तूप नाही. माऊलीनं तोंड मिटलं. चमच्यानं दिलं, थुंकला. ह्यांनी विमान केलं, थुंकला. राजनंदिनीनं नाचून दाखवलं, उचकी लागेपर्यंत रडला. दुपारपासून पोटात काही नाही, ओठ सुकलेले, आणि मी त्या चकचकीत खोलीत बसून विचार करतेय, की कात्री समोर होती. समोर होती! आईच होती ना तू त्याची? कात्रीला 'नको' म्हणणारी आई!

शेवटी टेंभुर्णीला व्हिडिओ कॉल लावला. रागानंच लावला. आज बोलायचंच, असं ठरवून. आत्याबाई अंगणात शेंगा निवडून राह्यल्या होत्या. मी सगळं ओकले. भरडी, पोतं, कात्री, मुक्काम... त्यांनी शेंगा बाजूला सारल्या आणि म्हणाल्या, "मंग कापली का न्हाई सुतळी?"

"तुम्हीच म्हणाल्या होत्या ना, मुक्कामी पोचेस्तोवर हात लावायचा नाही!"

"अगं, इमानातून उतरल्या की पोचल्या! मुक्काम म्हंजी काय हाटेल व्हय? आन लेकरू उपाशी असल्यावर कसली रीत गं? आमी गाडीतच सोडतो पोतं, भूक लागली की. एवढी शिकल्याली तू..."

तुम्हाला सांगते, त्या वेळी मला जे वाटलं ना, त्याला मराठीत शब्द आहेत, पण मी शिक्षिका आहे, मला वापरता येत नाहीत. मागून मामांचा आवाज, "सुतळी तुटली तर न्हाई ना?" नाही तुटली मामा! दात तुटायची वेळ आली, सुतळी नाही तुटली!

आणि तेवढ्यात आत्याबाई मोबाईलमध्ये तोंड घालून म्हणाल्या, "माऊल्या, ए माझ्या राज्या, आऽऽ कर... हा घास कुणाचा? कपिलीचा! ती बघ आली कपिली..." आणि मोबाईल गोठ्यातल्या कपिली गाईकडं फिरवला. माऊलीचं रडणं थांबलं. तोंड उघडलं. मी घास टाकला. गिळला! बेचव, अळणी, गरम पाण्यातला भात, आणि परत आऽऽ! पूर्ण वाटी. ह्यांच्या डोळ्यांत पाणी. माझ्या पण. पण माझं रागाचं.

दुसऱ्या दिवशी बॅगा आल्या. सांगितल्या वेळेला, एक टाका न उसवता, गाई सुद्धा पुसून दिलेल्या! चूक काढायला जागाच नाही, म्हणजे भांडायचं कुणाशी? मी सुतळी कापली, भरडी काढली, हॉटेलच्या किटलीत कशीबशी शिजवली. माऊलीनं वास घेतला आणि मोबाईलकडं बोट केलं. मग तीन आठवडे तेच. एका हातात वाटी, दुसऱ्या हातात मोबाईल, म्हणे हात मोकळे राहतील! तिकडं आत्याबाई, शेजारच्या कांताबाई, त्यांच्या सुना, सगळी गल्ली माऊलीचं जेवण बघायला. आम्ही परत आल्यावर डॉक्टरांनी वजन केलं, वाढलं होतं. चष्म्यावरून माझ्याकडं पाह्यलं आणि म्हणाले, "छान. आजीचा नंबर द्या, मी दुसऱ्या आयांना देतो."

आता आम्ही घरी आहोत. आजी घरात, माऊली घरात, एकाच खोलीत. मला वाटलं, सुटले! आत्याबाईंनी त्याला मांडीवर घेतलं, घास केला, म्हणाल्या, "आऽऽ कर राज्या." माऊलीनं तोंड मिटलं. आजीच्या तोंडाकडं पाह्यलंसुद्धा नाही. आजी मोबाईलमध्ये असली तरच तो जेवतो!

म्हणून आता दोन्ही वेळेला आत्याबाई उठून गोठ्यात जातात, तिथून मला कॉल लावतात, आणि मी इकडं घास घेऊन बसते. आणि तिकडून त्या ओरडतात, मोबाईलमधून नाही, खिडकीतून, "रेंज न्हाई गं! म्हण त्याला, जरा थांब!"

आणि आम्ही थांबतो. मी, माऊली आणि गार होत चाललेली भरडी... रेंज यायची वाट बघत.