वायोमिंगला जायची तयारी

(विस्कॉन्सिनमधलं एक शेत. ऑगस्ट संपत आलाय, दुपारची वेळ. रिकामा गोठा आणि घराचं स्वयंपाकघर यांना जोडणाऱ्या शेडमध्ये लायल स्टुलावर बसलाय. त्याचा धाकटा भाऊ ग्लेन उभा आहे. लायलची बायको आर्डिस घरात आहे. जमिनीवर तंबू, दोर, सुऱ्या, लोकरीचे कपडे पसरलेत.)

ग्लेन : ही सॅक कोणाची?

लायल : हातात आहे ती? माझी.

ग्लेन : यातलं मीठ काढून ठेवलंस का?

लायल : नाही. का?

ग्लेन : एका हातानं उचलली मी.

लायल : तू विजेच्या खांबांवर चढणारा माणूस. तुला काय जड लागणार?

ग्लेन : लायल, माझ्या सॅकमध्ये सरावाचं ओझं म्हणून मिठाचं अख्खं पोतं आहे. पाणी मऊ करायच्या मशीनचं, तूच आणलेलं. ती उचलताना माझ्या तोंडून आवाज निघतो. ही उचलायला गेलो तर हात वरच गेला.

लायल : ठेव खाली. आधी तंबूचं बघू. शिवणींना मेण लावायचं राहिलंय.

ग्लेन : उघडू?

लायल : माझी सॅक आहे ती.

ग्लेन : उघडतोय.

लायल : उघड बाबा. लहानपणापासून माझ्या वस्तू उचकतोयस, आज काय नवीन.

ग्लेन : ही गोधडी आहे.

लायल : हो.

ग्लेन : आर्डिसची. निळ्या चांदण्यांची. आणि खाली ही उशी कशाला?

लायल : गोधडीनं कोपरे भरत नव्हते. सॅक भरलेली तर दिसायला हवी.

ग्लेन : म्हणजे संबंध उन्हाळा आपण स्कीच्या टेकडीवर जातोय, तेव्हा तुझ्या पाठीवर हे होतं?

लायल : पहिल्यांदा मीठ होतं. खरंच होतं. मग अर्धं काढलं. मग उरलेलं काढलं.

ग्लेन : आणि मी तुला विचारायचो, कसं वाटतंय, तर तू म्हणायचास, पट्टे खांद्याला काचतात.

लायल : काहीतरी म्हणायला हवं होतं.

ग्लेन : तू झाडीतल्या वाटेनं चढायचास. म्हणायचास, तिकडं सावली आहे. मी वर पोचून खाली येईपर्यंत तू गाडीत बसलेला असायचास. मला वाटायचं, म्हातारा तयार झालाय. कामावर पोरांना सांगत होतो मी, माझा भाऊ माझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठा आहे आणि माझ्याआधी उतरतो.

लायल : उतरायला चढावं लागतं.

ग्लेन : वाटेत कुठं बसायचास?

लायल : स्कीवाल्यांच्या पाळण्याची एक खुर्ची तिथं खाली लोंबकळत असते. तिच्यात. चांगली जागा आहे. तुझी पाठ दिसायची वरपर्यंत.

ग्लेन : हसू नकोस.

लायल : हसत नाहीये. हसलो की खोकला येतो.

ग्लेन : हे बघ, तंदुरुस्ती कमी पडतेय असं असेल तर अजून वेळ आहे. ऑक्टोबरपर्यंत रोज थोडं थोडं वाढवू. वायोमिंगची शिकार इथल्या हरणासारखी नाहीये. हरीण काय, झाडावरच्या मचाणातून मारायचं, ओढत गाडीपर्यंत आणायचं आणि जेवायला घरी. एल्क म्हणजे सांबरापेक्षा मोठं धूड. तिथंच कापायचं, मांस सॅकमध्ये भरायचं आणि डोंगर उतरायचा. मग परत वर, दुसरी खेप. एकट्याचं काम नाही.

लायल : मला शिकवतोस? इतकी वर्षं झाली, त्या डोंगराचा नकाशा माझ्या स्वयंपाकघरात लटकतोय. प्रत्येक झरा पाठ आहे मला.

ग्लेन : मग गोधडी का?

लायल : आर्डिस येतेय. गोधडी आत टाक.

आर्डिस : टाकू नकोस, दिसली मला. अख्खं कपाट उपसलं मी तिच्यासाठी. लायल, ही तू घेतलीस आणि मला म्हणालास, चर्चच्या दानाच्या पेटीत गेली असेल.

लायल : देवाच्याच कामाला लावली होती.

आर्डिस : ग्लेन, सांगितलं का यानं तुला?

ग्लेन : काय सांगायचंय?

आर्डिस : म्हणजे नाही सांगितलं.

लायल : आर्डिस, जेवणाचं बघ तू.

आर्डिस : बटाटे ओव्हनमध्ये आहेत, त्यांना माझी गरज नाही. ग्लेन, मी वसंतापासून गप्प आहे. याच्याकडून शब्द घेतला होता की तुला हा स्वतः सांगेल. आधी म्हणाला, शिकारीच्या परवान्याच्या सोडतीचा निकाल लागू दे, नाव येतच नाही आपलं. मग नाव आलं. मग म्हणाला, ग्लेनला बूट तर घेऊ दे. मग म्हणाला, जरा मीठ उचलून बघतो. मी वाट बघत बसले.

ग्लेन : डॉक्टरकडे गेला होतात तुम्ही?

आर्डिस : याची फुफ्फुसं गेलीत. कुबट वैरणीची धूळ. इतक्या हिवाळ्यांत दारं लावून गोठ्यात बुरशी आलेल्या गवताचे गठ्ठे सोडलेत यानं, ते सगळं आत जाऊन बसलंय. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, फुफ्फुसं ताठरलीत, ती परत मऊ होत नाहीत. रात्री हा पलंगावर झोपत नाही. खिडकीपाशी खुर्चीत बसून झोपतो.

ग्लेन : खोकत होतास तेव्हा तू मला म्हणालास, ऊन बाधलं.

लायल : ऊनही होतंच की.

आर्डिस : मी त्यांना वायोमिंगचं विचारलं. हा मला कोपरानं ढोसत होता, तरी विचारलं. त्या म्हणाल्या, एवढ्या उंचीवर चढणं सोडा, नुसतं बसलात तरी गुदमराल. रस्त्यापासून दवाखाना लांब, आणि तुमचा तंबू रस्त्यापासून लांब. मला हे त्याला समजावता येत नाही, ग्लेन. माझं ऐकलं तर तो माझा नवराच नव्हे. तू सांग.

लायल : मी इथं बसलोय. माझ्यासमोर माझ्याविषयी बोलताय.

आर्डिस : मग तूच बोल.

लायल : ठीक आहे, बोलतो. मी डोंगर चढणार नाही. हे मलाही कळलंय, एवढा खुळा नाही मी. ग्लेननं चढावं. मी तळावर राहीन. चूल पेटवीन, कॉफी करीन, दुर्बिणीतून समोरचा उतार बघत बसेन. तिथं एक बाई खेचरं भाड्यानं देते, मी बोललोय तिच्याशी. मांस खेचरं आणतील. एवढंच मागतोय मी. एक आठवडा खुर्चीत बसायचं, पण तिथं.

ग्लेन : तळच एवढा उंच आहे, लायल. आपण दोघांनी मिळून जागा निवडली.

लायल : मग काय होईल? फार तर काय होईल? इथं राहून मी काय बरा होणार आहे? इथंही खुर्चीच आहे. खिडकीतून काय दिसतं मला? रिकामा गोठा.

आर्डिस : इथं मी आहे.

लायल : आर्डिस.

आर्डिस : मी इथं आहे, लायल. तुझ्या खुर्चीशेजारी माझी खुर्ची आहे. ती मी तिथं मांडलीय. तू बघितलीस की नाही मला ठाऊक नाही. जेवण दहा मिनिटांत वाढते.

ग्लेन : आर्डिस, थांब.

लायल : जाऊ दे तिला. रडायचं असलं की ती स्वयंपाकघरात जाते. नळ सोडते म्हणजे ऐकू येत नाही.

ग्लेन : नळ सुटला.

लायल : ती असं कधी बोलत नाही.

ग्लेन : लायल, ऐक.

लायल : तू बोलूच नकोस. तू काय बोलणार ते मला माहितीय. तुझा सुरक्षेचा तास सुरू होणार.

ग्लेन : होणारच. खांबावर चढताना माझ्या सोबत्याला चक्कर येत असेल तर मी त्याला चढू देत नाही. तो शिव्या देऊ दे, साहेबाकडे जाऊ दे.

लायल : मी तुझ्या टोळीतला पोरगा नाही.

ग्लेन : नाहीस. टोळीतला पोरगा असतास तर हे सोपं गेलं असतं.

लायल : मग अवघड करू नकोस. बोलूच नकोस. अर्ज दोघांनी भरला, नाव दोघांचं आलं, परवाना दोघांचा आहे.

ग्लेन : मी तुला नेणार नाही.

लायल : पुन्हा बोल.

ग्लेन : मी तुला नेणार नाही, लायल. तळावर नाही, गाडीत बसून नाही, कसाच नाही.

लायल : मी स्वतः गाडी घेऊन येईन.

ग्लेन : ये. मी रस्त्यात आडवा उभा राहीन. तुझ्या गेटापाशी.

लायल : चढवीन अंगावर.

ग्लेन : चढव.

लायल : तुला आठवतं, बाबा गेले तेव्हा तू सैन्यातून परत आला होतास. तू म्हणालास, चल, आता आपण पश्चिमेला जाऊ, एल्क बघू. मी म्हणालो, गाईंचं काय? सकाळ-संध्याकाळ धार काढायची असते, गाईला सुट्टी कळत नाही. तू म्हणालास, पुढच्या वर्षी. दरवर्षी म्हणालास. तुला कधीही जाता आलं असतं. तुझ्या कामावर तीन जण गेले, फोटो घेऊन आले. तू का नाही गेलास?

ग्लेन : तुझ्याबरोबर जायचं होतं म्हणून.

लायल : मार्चमध्ये ट्रक आला. शेवटची गाय चढली. ड्रायव्हरनं फळी लावली. आर्डिस रडली, मी नाही रडलो. लोकांना वाटलं, लायल घट्ट माणूस आहे. मी मनात म्हणत होतो, आता जाता येईल. लाज वाटते सांगायला, पण मी खूष होतो, ग्लेन. त्या रात्री मी नकाशा काढून बसलो. आणि आठच दिवसांत खोकला थांबेना, म्हणून आर्डिसनं दवाखान्यात नेलं.

ग्लेन : मला तेव्हाच सांगायला हवं होतंस.

लायल : गाई गेल्या, पण त्यांची वैरण माझ्या छातीत ठेवून गेल्या. हे तुला कसं सांगायचं? तू लगेच म्हणाला असतास, मग रद्द.

ग्लेन : मग रद्दच.

लायल : बघ. हेच.

ग्लेन : तुझ्याशिवाय मला काय करायचंय तिथं? एकट्यानं गोळी झाडली तर ते जनावर खाली कोण आणणार? बाबांनी काय सांगितलं होतं आपल्याला? शेवटचा तुकडा घरी येणार नसेल तर बंदूक उचलायची नाही.

लायल : खेचरांची बाई आहे.

ग्लेन : मला खेचरांच्या बाईबरोबर नव्हतं जायचं.

लायल : तुझ्या लेकीला ने, रेनेला. नेम माझ्यापेक्षा बरा आहे पोरीचा. पाय तर विचारूच नकोस.

ग्लेन : तिला कॉलेज आहे.

लायल : आठवडाभर कॉलेज बुडालं तर काय आभाळ कोसळतंय? तिला माझा परवाना चालणार नाही, तो माझ्याच नावाचा. पण ओझं वाहायला परवाना लागत नाही.

ग्लेन : आज नको ठरवू आपण हे.

लायल : नको ठरवू.

ग्लेन : लायल, मला खरंच वाईट वाटतंय.

लायल : मला जायचं होतं.

ग्लेन : माहितीय.

लायल : नाही, तुला माहिती नाही. तुला आवडलं असतं जायला. मला जायचं होतं. धार काढताना गाईच्या कुशीला कपाळ टेकवून मी डोळे मिटायचो तेव्हा तिथं असायचो. पहाटे पाच वाजता, रोज. बायकोला सांगितलं नाही कधी. ती म्हणाली असती, गोठ्यात उभा राहून दुसरीकडे जातोस होय?

ग्लेन : मी नाही म्हणायला नको होतं.

लायल : तू नाही म्हणालास म्हणून बरं झालं. तिनं नाही म्हटलं असतं तरी मी गेलो असतो. कुणाचं तरी ऐकायला हवं होतं, आणि ते तुझं ऐकणं जरा सोपं. तू धाकटा आहेस, तुझ्यावर नंतर चिडता येतं.

ग्लेन : चिड.

लायल : चिडलोय. अजून दोन-तीन वर्षं तरी चिडलेला राहीन. तेवढी मिळाली तर.

ग्लेन : असं बोलू नकोस.

लायल : गावात विचारलं कुणी तर गुडघा म्हण. बारमध्ये, चर्चमध्ये, सगळीकडे. लायलचा गुडघा गेला.

ग्लेन : कुठला?

लायल : डावा. उजवा म्हणालास तर मला उजव्या पायानं लंगडावं लागेल, गाडीचा ब्रेक त्याच पायानं दाबतो मी.

ग्लेन : डावा.

लायल : नळ बंद झाला. चल, बोलावेल आता.

ग्लेन : चल.

लायल : तू हो पुढं. फरशी पुसलेली असेल, बूट काढून जा.

ग्लेन : तू?

लायल : येतो मी. तू हो पुढं.

ग्लेन : थांबतो की. काढ बूट.

लायल : ग्लेन, जा म्हटलं ना.

ग्लेन : काय झालं?

लायल : वाकलं की श्वास अडकतो. नाड्यांपर्यंत हात जातो, पण मग परत वर येता येत नाही.

ग्लेन : पाय पुढं कर.

लायल : राहू दे.

ग्लेन : कर पुढं. हे तू डोंगरासाठी घेतलेले बूट आहेत.

लायल : घरात थोडे थोडे घालून मऊ करत होतो. नवा बूट चावतो.

ग्लेन : गाठ फार आवळलीय. सकाळी कुणी बांधून दिले?

लायल : आर्डिसनं. रोज तीच बांधते.

ग्लेन : काही म्हणाली नाही?

लायल : गुडघ्यावर बसली, विचारलं, किती घट्ट बांधू? मी म्हणालो, डोंगर चढायचाय. तिनं बांधले.