वैजूच्या रथाची मागची सीट

...आणि वर मलाच विचारतो, "मामा, घाबरला नाय ना?" अरे, घाबरला नाय ना म्हंजे काय! मरता मरता वाचलो मी! पण तोंडातनं काय निघालं सांगू? "छे छे, फार छान!" काय करणार, जावई ना तो, बोलता येत नाय!

थांबा, तुमाला पयल्यापासनं सांगतो. आमची वैजू, वैजयंती, एकुलती एक लेक. लग्नाला बरीच वर्षं झाली, देव झाले, डॉक्टर झाले, आणि आता कुठं दिवस गेले. सातवा लागला, डोहाळजेवण ठरलं. आता डोहाळजेवणात काय असतं? पोरीला फुलांचे दागिने घालायचे, पुठ्ठ्याच्या होडीत बसवून फोटो काढायचा, ओटी भरायची, पेढा की बर्फी करायचं आणि जेवून घरी जायचं! पुठ्ठ्याची होडी कधी कुणाला घेऊन पळाली असं ऐकलंय तुमी? पण आमचे जावईबापू इंद्रजितराव, त्यांना पुठ्ठा नको. "मामा, वैजूला मी खऱ्या रथातनं आणणार. चालता रथ!"

मला वाटलं बैल आणतोय. बैल परवडला असता हो! बैलाला ओ म्हटलं की थांबतो तरी! ह्यानं काय आणावं? ते गोल्फ खेळणारे साहेब लोक नसतात का, हिरवळीवर छपराच्या छोट्या गाडीतनं फिरतात, ती गाडी! कुठलंसं रिसॉर्ट बंद पडलं, त्याच्या भंगारातनं उचलली. पेट्रोलवरची, पण इंजिन जाम. मी मनात म्हटलं, सुटलो, देव पावला. तर हा म्हणतो, "टेन्शन नाय मामा, इंजिन बदलू!" इंजिन बदलू! लेंग्याची नाडी बदलावी तसं! आणि बदलणार कोण, तर ह्याचा दोस्त कृष्णात, कळंबोलीला गॅरेज आहे त्याचं. त्यानं एका तीनचाकी टेम्पोचं इंजिन काढलं आणि दिलं त्या खेळण्यात ठोकून. मी म्हटलं, "जावईबापू, रस्त्यावर चालते का हो असली गाडी? नंबर नाय, पासिंग नाय, पोलिसानं धरलं तर?" तर म्हणतो, "मामा, मिरवणुकीला कोण पासिंग विचारतं?" घ्या! आता ह्याला काय बोलणार? जावई ना तो, बोलता येत नाय!

रात्रभर डोळ्याला डोळा नाय. सारखी वैजू दिसतेय, सात महिन्यांचं पोट घेऊन त्या डबड्यात बसलेली. शेवटी शकूला, आमच्या बायकोला म्हटलं, "तू सांग की जावयाला, नको म्हणावं." ती माझ्यावरच खेकसली, "अहो, एवढ्या हौसेनं करतोय पोरगा, तुमी माझ्या डोहाळजेवणाला साधा गजरा तरी आणला होता का?" संपला विषय. मंग मी ठरवलं, बाबासो, तुझं झालं सगळं जगून, आधी तू बस. काय मोडायचंय ते तुझं मोडू दे. फोन केला, "जावईबापू, पयली चक्कर मला मारायचीय." अहो, त्याला एवढा आनंद! "मामा, काय हौस आहे तुमाला!" हौस! चाळीस वर्षं कांदा-बटाटा मार्केटात मापाडी होतो मी, पोती मोजली, पण टेम्पोत पुढं कधी बसलो नाय भीतीनं! साधी लुना चालवली नाय!

रविवारी गेलो कळंबोलीला. लोखंड बाजार बंद, रस्ता मोकळा, कडेनं ट्रेलर उभे. रथाला सोनेरी रंग, वर छत्री, आणि पुढच्या सीटला नवी कोरी मखमल. मी पुढं बसायला गेलो तर जावई म्हणतो, "तिथं नको मामा, मखमल वैजूची. तुमी मागं बसा." आता त्या गाडीला मागं एक सीट असते, उलट्या तोंडाची. गाडीकडं पाठ करून, पाय खाली सोडून बसायचं. पुढं काच नाय, दार नाय, पट्टा नाय, काहीच नाय... म्हंजे आपण आणि जग!

बसलो. दोन्ही हातांनी दांडा धरला. जावयानं चावी फिरवली, पयला गेर टाकला आणि... गाडी मागं! अहो मागं म्हंजे माझ्या पुढं! जिकडं माझं तोंड, तिकडंच सुटली! जावई ओरडतो, "अरेच्चा, रिव्हर्स पडला वाटतं!" आणि टाकला दुसरा. आणखी जोरात मागं! "हा पण रिव्हर्सच!" टाकला तिसरा! अरे बाबा, एका गाडीला किती रिव्हर्स असतील? ब्रेक मार की! मी बोंबललो, "ब्रेक!" तो म्हणतो, "मारलाय मामा!" मारलाय पण इंजिन टेम्पोचं आणि ब्रेक त्या हिरवळीवरच्या गाडीचा, त्याला ऐकू तरी गेलं पाहिजे! आणि समोर काय? ट्रेलर! पाठीमागनं सळया बाहेर आलेल्या, त्याला लाल फडकं बांधलेलं, आणि मी पाय पुढं काढून तिकडंच चाललोय! मी डोळे मिटले. म्हटलं, शकू, कपाटाची चावी देव्हाऱ्याखाली आहे. आणि वैजू, पोरी, तू नको बसू ह्याच्यात...

थांबली. कशी कोण जाणे, थांबली. डोळे उघडले तर ते लाल फडकं माझ्या नाकाला गुदगुल्या करत होतं.

कृष्णात पळत आला, धापा टाकत, आणि चेहऱ्यावर काय, तर कौतुक! "काका, सायलेन्सर बसत नव्हता, म्हणून मी इंजिन उलटं फिरवून बसवलं. गेरबॉक्सबी फिरला की त्याच्यासंगं! आता मागं जायला चार गेर आणि पुढं जायला एकच. तो रिव्हर्सचा टाकायचा!" म्हंजे ही जगातली पयली गाडी, जी पुढं मुंगीसारखी जाते आणि मागं वाऱ्यासारखी! आणि तेवढ्यात आमचे जावईबापू, कपाळाचा घाम पुसत विचारतात, "मामा, घाबरला नाय ना? कशी वाटली?" तेव्हा मी म्हणालो हो ते. "फार छान!" वाचाच तेवढी शिल्लक होती.

झालं! डोहाळजेवणाचा दिवस. बेलापूरला त्यांच्या सोसायटीच्या गेटातनं निघायचं आणि वरच्या हॉलला जायचं, मध्ये हा चढ! वैजू फुलांनी मढलेली, मखमलीवर बसलेली, मला म्हणते, "बाबा, तुमी चालत या की." चालत? मी टुणकन मागच्या सीटवर चढलो. म्हटलं, चुकून दुसरा गेर पडला तर पयला मी आपटणार, मंग पोरगी. मध्ये माझी हाडं तरी असतील! बायका हसतायत, "अगं बाई, आजोबांनाच डोहाळे लागलेत!" हसा, म्हटलं, हसा.

आणि चढावर आल्यावर गाडीनं आचका दिला. गचके खाल्ले. आणि हळूच... मागं सरकायला लागली! मान वळवून बघतो तर जावयाची पाठ, हात गेरकडं चाललेला! मी किंचाळलो, "हात काढा! गेरला हात लावू नका!" आणि खाली बायकांना, "धरा! बयांनो, धरा!" तुमाला सांगतो, ओट्या, ताटं, पैठण्या, सगळं सोडून बायकांनी धरली गाडी. धरायला जागा कुठली? माझे गुडघे! एकीनं उजवा धरला, एकीनं डावा, शकूनं माझ्या छातीला हात लावला आणि गाणं म्हणत म्हणत मला ढकलत गाडी चढवली हॉलपर्यंत. वैजू सुखरूप उतरली. मी मात्र दांड्यावरचे हात सोडवायला पाच मिनिटं लावली.

जेवणं झाल्यावर जावई आला, मला कोपऱ्यात घेतलं. चेहरा उतरलेला. "मामा, एक सांगू? मी कळंबोलीलाच घाबरलो होतो. त्याच दिवशी गाडी भंगारात देणार होतो. पण तुमी म्हणालात, फार छान... परत आज मागं उडी मारून बसलात... एवढी तुमची हौस, मी कसं मोडणार? सासरे ना तुमी, बोलता येत नाय!"

 दोघं एकमेकांकडं बघतोय, हसावं की रडावं... म्हटलं, चला, आता तरी फुटली वाचा, उद्या सकाळीच हिला भंगारात घालू. तेवढ्यात शकू आली, डोळ्यांत पाणी, हातात बर्फी. "अहो, काय शोभला हो रथ! मी सगळ्यांना सांगून टाकलंय, बारशाला बाळाला ह्यातनंच आणायचं!"

मी जावयाकडं बघितलं. जावयानं माझ्याकडं बघितलं. त्याची ती सासू, माझी ती बायको... आणि दोघं एकदमच म्हणालो,

"फार छान!"