कोच नेमायला झालेला उशीर

मंडळी, नमस्कार म्हणायलाही आज जीभ वळत नाही. नलूवहिनी, मीरा, आणि इतक्या लांबून ड्राइव्ह करून आलेले तुम्ही सगळे. डॉक्टर निमकरांबद्दल चार शब्द बोल, असं मला सांगितलंय. चार शब्दांत होणार नाही. आणि जे बोलणार आहे ते गोडही नाही. काल वहिनींना विचारलं, बोलू का? त्या म्हणाल्या, "बोल. त्यांनी लपवण्यासारखं काही ठेवलंच नव्हतं."

लपवलं ते मी. तेच सांगायला उभी आहे.

मी कुमुद साठे. प्लेनोला येण्याआधी आम्ही इथून अडीच तासांवरच्या एका छोट्या गावात सहा वर्षं होतो. माझे मिस्टर तिथल्या सिमेंट प्लांटमध्ये इंजिनियर. गावात मराठी घरं दोनच, एक आमचं, एक निमकरांचं. गावाला डॉक्टर म्हणजे हेच एक. मी तिथल्या हायस्कूलच्या ऑफिसात क्लार्क होते. फॉर्म लावायचे, किल्ल्या सांभाळायच्या, स्कूल बोर्डाच्या मीटिंगचे मिनिट्स टाइप करायचे. डॉक्टर त्या बोर्डावर निवडून आले होते. सात मेंबर, त्यात हे एक आपले.

टेक्सासमधल्या छोट्या गावात हा अमेरिकन फुटबॉल काय असतो, हे वेगळं सांगायला नको. हेड कोच म्हणजे गावातला मोठा माणूस. पण लहान शाळेत तो वर्गावर शिकवतोसुद्धा. आमचे जुने कोच, कोच बिल, त्यांनी डिसेंबरमध्येच सांगून टाकलं होतं की मे महिन्यात मी रिटायर होणार. म्हणजे बोर्डाच्या हातात किती वेळ होता बघा. जानेवारीत त्यांचा असिस्टंट वेन बोर्डासमोर आला. गावातलाच माणूस, एकेक पोरगा नावानिशी ठाऊक असलेला. म्हणाला, "मला द्या ही जागा."

तीन मतं त्याच्या बाजूनं, तीन विरुद्ध. सातवं मत डॉक्टरांचं.

डॉक्टर म्हणाले, थांबू या. का माहितेय? वेन फक्त ड्रायव्हिंग आणि पीटी शिकवायचा. डॉक्टरांना अल्जिब्रा शिकवणारा कोच हवा होता. आपल्याच पद्धतीचा विचार, नाही का? घरी येऊन आम्हालाही म्हणाले, "अहो कुमुदताई, या पोरांना कॉलेजात जायचंय. खेळ शिकवणारे ढिगानं मिळतील. गणित शिकवणारा एक तरी आणू." मलाही पटलं. कुणाला पटलं नसतं?

वेन दुखावला. मार्चमध्ये दुसऱ्या गावी नोकरी घेऊन गेला. मग जाहिरात दिली. एक जण येऊन गाव बघून गेला, त्याच्या बायकोला आवडलं नाही. दुसऱ्यानं हो म्हटलं आणि जुलैमध्ये मोठ्या शाळेची ऑफर आल्यावर आमचं कॅन्सल केलं. जुलै संपला. प्रॅक्टिस सुरू व्हायची ऑगस्टच्या दुसऱ्या सोमवारी. त्याच्या आधीच्या गुरुवारी बोर्डानं एक सव्वीस वर्षांचा मुलगा नेमला. गणिताची डिग्री होती. स्वभावानंही चांगला होता. पण गावातलं एक माणूस ओळखत नव्हता.

आता डॅनीबद्दल सांगते.

डॅनी सोळा वर्षांचा. अंगानं आडवा, तोंडानं गोड. त्याची आई लॉरेन आमच्या शाळेच्या किचनमध्ये कामाला. वडील नव्हते. आदल्या वर्षी ऑगस्टच्या उन्हात डॅनी मैदानावर चक्कर येऊन पडला होता. म्हणून मे महिन्यात सगळ्या पोरांची तपासणी केली तेव्हा डॉक्टरांनी त्याच्या फॉर्मवर स्वतःच्या हातानं लिहिलं. दुपारची प्रॅक्टिस नाही. पहिला आठवडा पॅड आणि हेल्मेट नाही. दर पंधरा मिनिटांनी पाणी. खाली लाल रेघ.

कोच बिल दर वर्षी ऑगस्ट लागला की माझ्या खिडकीशी यायचे. "कुमुद, माझे कागद दे." मी द्यायची. ते तिथंच टेबलाला टेकून एकेक वाचायचे.

नव्या कोचला हे कोण सांगणार? वेन गेलेला. बिल मुलीकडे कोलोराडोला गेलेले. शुक्रवारी तो पोरगा माझ्या खिडकीशी आला. मैदानाशेजारच्या फील्ड हाऊसच्या किल्ल्या मागितल्या. मी दिल्या. शाळेची नवीन ॲडमिशन चालू होती, माझ्यासमोर पालकांची रांग. तो म्हणाला, "मला अजून काही लागेल का?"

मी म्हटलं, "नाही. एवढंच."

मंडळी, ती फाईल माझ्या गुडघ्याशी होती. खालच्या ड्रॉवरमध्ये.

सोमवारी दुपारी साडेतीनला डॅनी पडला. पूर्ण पॅड घालून. नव्या कोचवर छाप पाडायची म्हणून पोरगा स्वतः काही बोलला नव्हता. लॉरेनला वाटलं होतं, डॉक्टरांनी लिहून दिलंय म्हणजे कोचला माहीत असणार. फोन गेला तसे डॉक्टर क्लिनिकमधून धावत आले. किचनमधला सगळा बर्फ आम्ही बादल्यांनी नेला. लॉरेनही नेत होती. तिला आधी कळलंच नाही की कुणासाठी नेतोय. कळल्यावर तिच्या हातातली बादली मी घेतली. ॲम्ब्युलन्समध्ये डॉक्टर त्याच्याबरोबर गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी डॅनी गेला.

त्याच दुपारी डॉक्टर माझ्या ऑफिसात आले. म्हणाले, "डॅनीची फाईल." मी ड्रॉवर उघडला. त्यांनी स्वतःचं अक्षर वाचलं. फाईल हलली नव्हती, हे त्यांना दिसलं. ती कुणाच्या हातात असायला हवी होती, हेही कळलं. माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता बोलतील. बोलावं, असंच वाटत होतं. ते म्हणाले, "कुमुदताई, हे मी तोंडानं सांगायला हवं होतं." आणि फाईल मिटली.

बोर्डाची मीटिंग झाली. लोक म्हणाले, उन्हाचं काय करणार, देवाची इच्छा. डॉक्टर उभे राहिले. म्हणाले, "देवाला मध्ये आणू नका. जानेवारीत माणूस नेमायचा होता. माझ्या एका मतामुळे ऑगस्ट उजाडला. जो या पोराला ओळखत होता त्याला मी घालवलं." एकानं विचारलं, "कोचला कागद मिळाला होता का?" मी तिथंच बसले होते, शॉर्टहँडची वही मांडीवर. डॉक्टर माझ्याकडे न बघता म्हणाले, "कागदाचं सोडा. मी गावात होतो. मला दोन मिनिटं चालत जाता आलं असतं."

ते वाक्य मी दुसऱ्या दिवशी टाइप केलं. तीन कार्बन कॉपी काढल्या. माझं एक अक्षर त्यात नाही.

डॉक्टर लॉरेनच्या घरी गेले. एकटेच. दारातच ती म्हणाली, "तुम्ही त्याला ओळखत होता. तुम्हाला माहीत होतं." ते म्हणाले, "हो." तिनं दार लावलं. हे त्यांनीच मला सांगितलं. मग पुढची दोन वर्षं ती त्यांच्याशी बोलली नाही. तापातही शेजारच्या गावातल्या डॉक्टरकडे जायची.

तो नवा कोच महिन्याभरात गाव सोडून गेला. डॉक्टरांनी भांडून भांडून बोर्डाकडून नियम करून घेतला. हेड कोचची नेमणूक फेब्रुवारी संपायच्या आत. त्यानंतर जागा रिकामी झाली तर असिस्टंटच ती चालवणार. ऑगस्टमध्ये अनोळखी माणसाच्या हाती पोरं द्यायची नाहीत. लोकांना आवडलं नाही. चांगले कोच उन्हाळ्यात सुटतात, हा परदेशी माणूस आमची टीम बुडवणार, असं तोंडावर बोलले. पुढच्या इलेक्शनमध्ये डॉक्टर हरले. तरी दर ऑगस्टला पहिले दोन आठवडे क्लिनिक बंद ठेवून ते मैदानाच्या कडेला उभे राहायचे. वहिनी डबा घेऊन जायच्या. पुढं पुढं लॉरेन बर्फ पाठवायला लागली. बोलायची नाही. पाठवायची.

आणि मी? मी तीन वर्षं रोज लॉरेनच्या हातचं जेवण ट्रेमध्ये घेतलं. थँक यू म्हटलं. मग आम्ही प्लेनोला आलो. डॉक्टर फोन करायचे, चौकशी करायचे. त्यांनी तो विषय एकदाही काढला नाही. मी काढायला हवा होता. दर फोनला वाटायचं, पुढच्या वेळी.

गेल्या मंगळवारी क्लिनिकला निघताना डॉक्टरांना हार्ट अटॅक आला. चोपन्न म्हणजे काही वय नाही हो. पुढची वेळ संपली.

शुक्रवारी त्यांना निरोप दिला तेव्हा लॉरेन आली होती. पार्किंग लॉटमध्ये तिला गाठून मी सगळं सांगितलं. किल्ल्या, रांग, "एवढंच." ती ऐकत राहिली. मग विचारलं, "कुठल्या ड्रॉवरमध्ये होतं?" मी म्हटलं, "खालच्या. डावीकडच्या." तिनं मान हलवली. आत गेली, वहिनींचे हात हातात घेऊन बसली. जाताना माझ्याकडे बघितलं नाही. त्यात तिचं काय चुकलं?

परवा ड्रॉवरचं ऐकल्यावर मीरा मला म्हणाली, "कुमुद मावशी, व्हाय डिडन्ट बाबा टेल अस?" बाळ, ते सांगायचं त्यांचं नव्हतं. माझं होतं.

गावात कोचची जागा पुन्हा रिकामी झालीय. एप्रिल निम्मा सरला, आणि बोर्ड तो नियम काढून टाकायच्या विचारात आहे. येत्या सोमवारी मीटिंग आहे. मी जाणार आहे. मत नाही मला तिथं, पण गावातला कुणीही उठून तीन मिनिटं बोलू शकतो आणि मी आता गावची नसले तरी मला बोलू देतील, असं शाळेचे सुपरिन्टेन्डेंट म्हणालेत. तीन मिनिटं पुरतील. तुमच्यापैकी कुणी सोबत येणार असेल तर या. एकटीनं जायची भीती वाटते, खोटं कशाला बोलू.

डॉक्टर, तुम्ही माझ्या वाटचं पाच वर्षं उचललंत. आता ठेवा खाली.

मंडळी, आपण उभे राहू या. दोन मिनिटं शांत. पहिलं मिनिट डॉक्टर निमकरांसाठी. दुसरं त्या पोरासाठी, ज्याला तुमच्यापैकी बहुतेकांनी पाहिलेलं नाही. त्याचं नाव डॅनी.