चंद्र बघितल्याशिवाय

नाही, पण तुम्हीच सांगा, विचारायला नको का? सगळे मला हसतात... अहो, दुसऱ्याच्या घरातली आख्खी भांडीकुंडी उचलून शेजारीच वेगळी चूल मांडायची, तर निदान दार वाजवून विचारायला नको?

तुम्हाला सांगतो, हर्नडन गावच्या शैलजाकाकूंनी अमेरिकेतल्या गावांसाठी कॉम्प्युटरवरचं पंचांग केलंय. फुकट! वर त्याचा कोडसुद्धा उघडा, कुणीही बघा, बदला. आमच्या कॅरी गावातल्या बायका त्यावरच संकष्टी सोडतात. आता ह्या वर्षी, २००७ला, इथल्या सरकारनं उन्हाळ्या-हिवाळ्यात घड्याळं तासभर पुढेमागे करायच्या तारखा बदलल्या. पंचांगात जुन्याच! मी बारावीही न झालेला, पण ही चूक मला दिसली. दुरुस्ती करून काकूंना मेल केली. उत्तर नाही. पुन्हा केली. नाही! आणि ऑक्टोबरची संकष्टी आली... सुनेत्रावहिनींच्या अंगणात सगळ्या जणी आरतीचं ताट घेऊन तासभर पूर्वेला तोंड करून उभ्या, मोदक गार, चंद्राचा पत्ता नाही, आणि पोरं आतून ओरडतायत, "मॉम, इज द मून ब्रोकन?"

माझा रूममेट यतीन, पुण्याचा, मोठ्या कंपनीत. म्हणतो, "अरे यार, फोर्क कर ना! कोड उचल, तुझी दुरुस्ती घाल, नवं नाव दे, संपलं. लायसन्समध्ये परवानगी लिहिलीये." लिहिलीये, मान्य! पण विचारायला नको का?

गेलो ना मग! चार-पाच तास ड्राइव्ह करत थेट हर्नडनला, चकल्यांचा डबा घेऊन. काकूंनी दार उघडलं तसा मी डबाच पुढे केला. "काकू, मी तो... मेलवाला."

"अरे, तूच का! ये आत. दुरुस्ती बरोबर दिसतेय तुझी. पण मी चंद्र बघितल्याशिवाय काही घेत नाही."

म्हणजे? अहो, ही बाई दर संकष्टीला उपास करून, हातात घड्याळ घेऊन बाल्कनीत उभी राहते! मिनिटाचा फरक पडला की कोड उघडून बसते. वर्षानुवर्षं!

"मग ऑक्टोबरात नाही बघितलात, काकू?"

"ढग होते रे."

"आणि माझ्या मेलला उत्तर?"

"बघितल्याशिवाय काय लिहू?"

धीर करून म्हटलं, "मग मी... वेगळी चूल मांडू?"

"मांड की! हे विचारायला एवढ्या लांब आलास? त्यासाठीच तर उघडं ठेवलंय. फक्त, तुझं पंचांग बघून जे जे घास उचलतील ना, त्यांची भूक तुझ्या अंगावर." आणि हसून चहा ओतला! राग नाही, काही नाही... एवढं मोठं मन कुठून आणतात हो माणसं?

मला फोर्क करवेना. उलट म्हणालो, "कॅरीतला चंद्र मी बघत जाईन, काकू."

"बघ. पण उपाशीपोटी हं. जेवलेल्या माणसाला मिनिटाचं काय पडलंय?"

आणि यतीननं काय केलं? फोर्क! माझीच दुरुस्ती घालून, न विचारता! परवानगी होतीच म्हणा... आता सगळं कॅरी त्याचं पंचांग बघून वेळेवर जेवतं. आणि मी पार्किंग लॉटमध्ये, थंडीत, पाइनच्या झाडांमागून चंद्र यायची वाट बघत उपाशी उभा... आणि खरं सांगतो, ह्याआधी आयुष्यात मी एकही संकष्टी धरलेली नव्हती!