सासूबाईंनी बघितलेला सिनेमा

एका भुताच्या सिनेमापायी माझं लगीन मोडायला आलतं, हे तुम्हाला सांगितलंय का कधी?

मी तेव्हा खानापूरच्या कॉलेजात जीवशास्त्र शिकवत होतो. वडगावच्या वैशालीशी बोलणी चाललेली. तिला बेळगावात सिनेमाला बोलावलं, तर संगट तिची आईपण आली आणि आमच्या मधोमध बसली.

मला वाटलेलं, प्रेमाचा सिनेमा असंल. निघाला भलताच. पडद्यावर एका शास्त्रज्ञानं मढ्यांचे तुकडे शिवून माणूस बनवला. त्या माणसानं डोळे उघडले, तसा शास्त्रज्ञच घाबरून पळाला.

वैशालीची आई ताडकन उठली. "जल्माला घातलंस आन् आता पळतोस व्हय रं, मुडद्या?"

सगळं थेटर हसलं. मग बाई माझ्याकडं वळल्या. "तुमीबी सायन्सचंच न्हवं?"

"व्हय, पण मी नुसतं शिकवतो."

"पोरं झाल्यावर असंच पळून जाणार न्हाईसा न्हवं?"

माझी नजर नेमकी दाराकडं गेली. तशी बाईंनी पिशवी उचलली आणि लेकीला म्हणाल्या, "चल गं, घरी जाऊ."

तोवर माझ्याशी एक शब्द न बोललेल्या वैशालीनं आईच्या मागनं हात घालून माझं मनगट घट्ट धरलं.

"बस गं आई. ह्यांना पळू कोण देतंय?"