एकच स्ट्रेचर

(डोंगरातल्या राष्ट्रीय उद्यानातली अरुंद पायवाट. चार स्वयंसेवक स्ट्रेचर उचलून उतरताहेत. त्यावर टेलरमास्तर, म्हणजे मुलाचे वडील. शेजारून चालताहेत पोस्टमन, मुलीचे वडील. पुढे उद्यानाच्या रक्षकबाई.)

पोस्टमन : ...म्हणजे पोरांच्या लग्नाला वर्ष व्हायच्या आत दोघं व्याही हौसेनं डोंगरावर आले, आणि त्यातले एक आडवे होऊन परतले. विहीणबाईंना हे कसं सांगायचं, तेच जुळवतोय मी.

टेलरमास्तर : सांगा, पाय मुरगळला. चालणारा माणूस पडायचाच.

पोस्टमन : हो, ते आहेच.

टेलरमास्तर : तुमचं बरं आहे. जन्मभर पत्रं वाटत जिने चढलात. आमचे पाय शिलाई मशीनखालून बाहेर आले कधी?

रक्षकबाई : काका, बूट काढू नका. हाड गेलंय की काय, ते खाली बघू. मागच्यांनो, वळणावर जरा उंच धरा.

टेलरमास्तर : पोरांना जड होत असेन मी.

रक्षकबाई : होताय. पण तेवढ्यासाठीच येतात ती.

पोस्टमन : तरी डबा मी निम्मा संपवलाय. नाहीतर तोही यांच्याच पोटात असता.

रक्षकबाई : थांबा, वायरलेस वाजतोय... बोला. कुठे, तळ्यावरच्या कड्याखाली? शुद्धीत आहे का?... बरं. जखम दाबून धरा, मान हलवू नका. नाही, स्ट्रेचर माझ्याकडे आहे. डोंगराच्या या अंगाला एवढं एकच. त्यावर पेशंट आहे... हो, यांना पुलापाशी ठेवते आणि तशीच वळते.

पोस्टमन : काय झालं हो?

रक्षकबाई : एक मुलगी घसरली. मैत्रिणीबरोबर आली होती. डोक्याला लागलंय.

टेलरमास्तर : हेलिकॉप्टर वगैरे...

रक्षकबाई : ढग किती खाली आलेत, बघताय ना. कोण येणार? आणि तुम्हाला इथे सोडता येत नाही, वरून दगड सुटतात. पूल ओलांडला की मोकळी जागा आहे. मनाला लावून घेऊ नका काका, तुम्ही काय मुद्दाम पडलात?

पोस्टमन : व्याही, पाणी देऊ?

टेलरमास्तर : नको.

पोस्टमन : पाय कसा आहे आता?

टेलरमास्तर : ठणकतोय.

पोस्टमन : एकदा टेकवून बघायचा का? नुसता टेकवून.

टेलरमास्तर : ठणकतोय म्हटलं ना.

पोस्टमन : बरं. राहिलं.

रक्षकबाई : पूल डुगडुगतो, एकेक पाऊल टाका... हं. इथे ठेवा. काका, तुम्हाला चादरीवर घेतो. मागचे दोघं, तुम्ही यांच्याजवळ थांबा. बाकी दोघं माझ्याबरोबर, स्ट्रेचर घेऊन वर.

टेलरमास्तर : दोघंच? दोघांनी आणणार तिला?

रक्षकबाई : वरच्या कुणाला तरी हात लावायला सांगू. तुम्हाला उचलायला माणसं नकोत?

टेलरमास्तर : बाई, चौघांना न्या.

रक्षकबाई : काका, वेळ नाहीये.

टेलरमास्तर : माझ्या पायाला काही झालेलं नाही. हा बघा, उभा राहिलो. दम लागला होता मला. हे व्याही पुढे जाऊन माझ्यासाठी थांबायचे, मी पोचलो की हसून परत पुढे. मुलाचा बाप मी. आता होत नाही, असं यांच्यापुढे तोंडातून निघेना.

रक्षकबाई : पहिल्यापासून काही झालेलं नव्हतं?

टेलरमास्तर : पहिल्यापासून.

रक्षकबाई : चला रे, चौघं. पळत. तुम्ही दोघं या वाटेनं सरळ खाली जा, चौकी लागेल.

पोस्टमन : चला, व्याही. सावकाश उतरू.

टेलरमास्तर : सावकाश कशाला? धडधाकट आहे मी. बोला काहीतरी. शिव्या घाला.

पोस्टमन : मी कुठल्या तोंडानं घालू? मला माहीत होतं.

टेलरमास्तर : काय माहीत होतं?

पोस्टमन : तुम्ही आधी पाठीवरची पिशवी काढलीत, दगडाला नीट टेकवलीत, मग पडलात. पडणारा माणूस पिशवी टेकवत नाही.

टेलरमास्तर : मग वायरलेस वाजला तेव्हा का नाही बोललात? वळणापासून पुलापर्यंत माझ्या कानाशी चालत होतात तुम्ही.

पोस्टमन : मुलीच्या सासऱ्याला चार माणसांत खोटं पाडायचं? तिला तुमच्या घरात राहायचंय. उद्या तिला कुणी ऐकवलं असतं, तुझ्या बापानं आमची शोभा केली. एवढंच मनात आलं.

टेलरमास्तर : मी ऐकवलं असतं तिला?

पोस्टमन : तसं नाही हो. पण आलं मनात. वर पडलीय तीही कुणाची मुलगी, हे नाही आलं.

टेलरमास्तर : मी पडल्या पडल्या हसला असतात तर बरं झालं असतं, व्याही.

पोस्टमन : हसायला आलं होतं. दाबलं.

टेलरमास्तर : ही चौकी. आत नको जायला. पायरीवरच बसू.

पोस्टमन : गाडी सुटेल शेवटची.

टेलरमास्तर : सुटू दे.

पोस्टमन : मग मीही बसतो... थंडी वाजत असेल तर माझा स्वेटर घ्या.

टेलरमास्तर : तुमच्याजवळच राहू दे. आता काही देऊ नका मला... व्याही, बाई आल्या.

पोस्टमन : पोरं मागे आहेत. हळू चालताहेत.

रक्षकबाई : तुम्ही गेला नाहीत अजून?

टेलरमास्तर : कशी आहे ती?

रक्षकबाई : आत चला. गारठलात दोघं.

टेलरमास्तर : आम्ही आधी बोललो असतो तर, बाई?

रक्षकबाई : ते मला विचारू नका. मला सांगता यायचं नाही.

पोस्टमन : मला ठाऊक होतं, बाई. ह्यांच्या एकट्याच्या माथी नको.

रक्षकबाई : तिचे वडील निघालेत तिकडून. त्यांना अजून ती जखमी आहे एवढंच माहीत आहे.

टेलरमास्तर : एवढंच म्हणजे?

रक्षकबाई : ती गेली, काका. आत्ता, पाचच्या सुमाराला. तिला घेऊन पूल ओलांडल्यावर.