पाचची हजेरी

गुणाबाई : आपल्या खानावळीची एवढी चांगली येबसाइट केलीस, मंग एकबी फोन का येईना?

मालविका : मावशी, खाली आकडा दिसतोय ना, तेवढ्या वेळा पान उघडलंय. एकशे बारा.

गुणाबाई : एकशे बारा! लई झाले की!

मालविका : त्यातल्या शंभर वेळा मीच. नीट दिसतंय का ते बघत होते.

गुणाबाई : म्हंजी आपल्याच घरला आपणच पाव्हणं.

मालविका : आणि पानावर वरून पडणारी ही फुलं आजच काढते. त्यांच्यामुळे पान उघडायलाच दहा मिनिटं लागतात. हदगावच्या इंटरनेट कॅफेत बसलेला बाप तोवर उठून जाईल.

गुणाबाई : आगं, मीच सांगितली व्हती फुलं. शोभतेत म्हणून.

मालविका : शोभतात. पण पोरीला शिकवणीसाठी लातुरात ठेवणाऱ्या बापाला बघायचं काय असतं?

गुणाबाई : पोरगी जेवली का, बरी हाय का. दुसरं काय?

मालविका : आणि आपण काय लिहिलंय? 'स्वच्छ, घरगुती, सात्त्विक.' या गल्लीतल्या प्रत्येक खानावळीच्या पाटीवर हेच आहे. एकदा वाचलं की परत कोण उघडणार?

गुणाबाई : जूनपातूर पोरींच्या खोल्या भरल्या न्हाईत, तर हे घर सोडून निलंग्याला भावाच्या दारात जावं लागतंय मला. हाय ना ध्यानात?

मालविका : म्हणून तर विचारतेय. दुसरीकडे होत नाही असं आपल्याकडे काय होतं?

गुणाबाई : काय होतंय? वरण, भात, भाकर.

मालविका : पहाटे पाचला तुम्ही एकेकीचं नाव घेऊन हाक मारता. ओ दिल्याशिवाय चहा नाही. पहिल्या वर्षी इतका राग यायचा मला! का करता हो ते?

गुणाबाई : त्र्याण्णवच्या भूकंपात आमचं गाव बसलं. मातीवर उभी ऱ्हाऊन मी एकेकाचं नाव घेऊन हाका मारत ऱ्हायले. घरात अकरा माणसं. चौघांनी ओ दिली. तवापासून ओ ऐकल्याबिगर चूल पेटवाय हात होत न्हाई माझा.

मालविका : दोन वर्षं राहतेय इथे. मला माहीतच नव्हतं.

गुणाबाई : इचारलंस कवा?

मालविका : मावशी, हेच टाकू पानावर. रोज.

गुणाबाई : माझं रडगाणं? आजाबात न्हाई!

मालविका : ते नाही हो. नुसती हजेरी. 'आज अठरा जणींनी ओ दिली.' तारीख, वेळ, नाश्त्याला काय होतं ते. पोरींची नावं नाही टाकायची.

गुणाबाई : एवढंच? आन् ह्ये कोण बघंल?

मालविका : तेच तर बघायचंय.

(तीन आठवड्यांनी. खानावळीतला फोन वाजतो.)

शेषेराव : हॅलो, गुणाबाईची खानावळ का? हदगावहून शेषेराव बोलायलोय, उज्वलाचा बाप. आज पानावर कालचीच तारीख हाय!

गुणाबाई : सकाळपासून लाईट न्हाई हो. भेलात का?

शेषेराव : कॅफेवाल्याला तीनदा उघडाय लावलं. माझ्याबरुबर आजून दोघं थांबलेत. जूनला त्यांच्याबी पोरी तुमच्याकडंच धाडतो म्हणायलेत. ते असू द्या. सगळ्या उठल्या ना?

गुणाबाई : हाव, उठल्या. तुमच्या उज्वलानं तर पहिल्याच हाकेला ओ दिली.

शेषेराव : बरं झालं. आन् तुम्ही बऱ्या हाव ना, बाई?

गुणाबाई : मी? हाव. बरी हाय मी.

शेषेराव : ठेवतो मंग.

मालविका : कोण होतं? मावशी, डोळे का पुसताय?

गुणाबाई : काय न्हाई. लाईट आली का आधी पान बदल.

मालविका : बदलते. अठराच ना?

गुणाबाई : एकोणीस लिही. मीबी ओ दिली की आज.